साडूच्या काचेवरचा हिरवा स्टिकर

साडूच्या गाडीच्या काचेवर हिरवा स्टिकर लागला त्या दिवशी सकाळी माझा चहा गार झाला. चहा आपोआपही गार होतो हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तो मुद्दाम झाला.

आम्ही दोघं साडू एकाच इमारतीत राहतो. लग्नानंतर दोघी सख्ख्या बहिणींनी एकमेकींपासून लांब जायला साफ नकार दिला, त्याची शिक्षा आम्ही भोगतो आहोत. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. म्हणजे मी वर आहे. हे मला कुणी विचारत नाही, पण मी सांगून ठेवतो. त्याची गाडी आणि माझी गाडी एकाच जातीची, एकाच वयाची, फक्त त्याची रोज पुसलेली असते. एरवी ती भिंतीकडे तोंड करून उभी असायची. त्या दिवशी मात्र तिनं तोंड फिरवलं होतं आणि काचेच्या कोपऱ्यातला तो गोल हिरवा ठिपका थेट माझ्या बाल्कनीत बघत होता.

"बघितलंत का?" बायको मागून म्हणाली. "भाऊजींची गाडी पास झाली. पहिल्या फटक्यात."

"अरे वा," मी म्हणालो. हे दोन शब्द मी इतक्या मोठ्या मनानं उच्चारले की कप बशीवर आपटला.

यंदापासून सरकारनं नियम काढला होता. जुन्या गाड्यांची दरवर्षी सुरक्षा तपासणी करून घ्यायची. ब्रेक, दिवे, टायर, हॉर्न, वायपर, सगळं दाखवायचं. पास झाली तर स्टिकर, नाहीतर गाडी दारात. आता तुम्ही म्हणाल, लावायचा तेव्हा लागेल स्टिकर, त्यात काय एवढं? पण रविवारी सासूबाई येणार होत्या.

इथे एक गैरसमज दूर करतो. सासूबाई येणार म्हटल्यावर जावई लोक पळवाटा शोधतात असं ऐकून आहे. आमच्याकडे उलटं आहे. सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. वर्षातून एकदा येतात आणि ज्या जावयाच्या गाडीतून स्टेशनवरून येतील त्याच्याच घरी मुक्काम करतात. दोघी मुलींची भांडणं नकोत म्हणून त्यांनीच हा नियम घातला. आणि मला त्या माझ्याच घरी हव्या असतात, कारण माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारं माणूस जगात आता हे एवढंच उरलं आहे. बायको दुसऱ्या वाक्याला उठते. मित्र पहिल्याच वाक्याला घड्याळ बघतात. सासूबाई मात्र हनुवटीला हात लावून बसतात. मी एकदा त्यांना सांगितलं, पुराच्या पाण्यात माझी गाडी बुडाली नाही, पोहली. मी आत बसून नुसतं स्टिअरिंगनं वल्हवत होतो आणि एक म्हैस मला डावीकडून ओव्हरटेक करून गेली. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. सासूबाईंनी विचारलं, "मग पुढे काय झालं?" अशा माणसासाठी मी सरकारशी भांडेन.

त्यांचा फोन आला होता. बायकोला म्हणाल्या होत्या, "पेपरात वाचलं मी त्या तपासणीचं. ज्याच्या काचेवर स्टिकर नाही त्याच्या गाडीत मी बसणार नाही. नियम म्हणजे नियम."

म्हणजे हा हिरवा ठिपका नव्हता. माझी महिन्याभराची श्रोती त्या काचेला चिकटली होती.

"भाऊजींना विचारा ना, कुठे केली तपासणी," बायको म्हणाली.

"मी? त्याला?"

"का? तोंड नाही तुम्हाला?"

तोंड आहे. पण त्या तोंडानं साडूला रस्ता विचारायचा, म्हणजे उरलेलं आयुष्य 'मी सांगितलं म्हणून दादांचं काम झालं' हे जिन्यातून ऐकायचं. मी नाही विचारलं. विचारलं नाही तरी सांगायला तो जिन्यात उभाच होता.

"दादा, काय सांगू तुम्हाला!" साडू म्हणाला. हा मला दादा म्हणतो. त्यात आदर किती आणि माझं वय काढणं किती, हे मला अजून कळलेलं नाही. "मी आपला धाकधुकीनं गेलो. लोखंडी फलाटावर गाडी चढवली. ते म्हणाले, खाली उतरा. मी उतरलो. काचेच्या खोलीत एक गृहस्थ होते, त्यांनी नुसतं वर बघितलं. नुसतं! म्हणाले, ठीक आहे. आणि दिला स्टिकर हातात. बॉनेटसुद्धा उघडायला लावलं नाही."

"हो का?"

"गाडी नीट ठेवली की लांबूनच कळतं हो त्यांना. तुम्हाला काही लागलं तर सांगा."

"मला काय लागणार?" मी म्हणालो आणि एकेक पायरी सोडून उतरलो. या वयात ते करायला नको होतं.

खाली फाटकापाशी दातांचे डॉक्टर आणि विमावाले उभे होते. आमच्या इमारतीत कुणाचंही काही बिघडलं की हे दोघं आधी हजर होतात. दातांच्या डॉक्टरांनी माझ्या गाडीसमोर वाकून जाळीत बघितलं, बोटानं बंपर हलवून पाहिला.

"वरून ठीक दिसतंय," ते म्हणाले. "पण मुळात कीड असणार. नदीपलीकडे मोठं मैदान आहे, तिथे घेऊन जा. सगळ्या गाड्या तिथेच तपासतात. जायच्या आधी स्वच्छ धुवा."

"मुळीच धुऊ नका!" विमावाले ओरडले. "धूळ आहे म्हणून दोष झाकलेत. धुतली की एकेक ओरखडा बोलायला लागेल."

दोघांचंही मन मोडवेना, म्हणून मी गाडी निम्मी धुतली. डावी बाजू डॉक्टरांच्या मतानं, उजवी विम्याच्या.

नदीपलीकडे मैदान होतं, हे डॉक्टरांचं खरं. गाड्याही तपासत होते. दोन रांगा होत्या. डावीकडे एक छोटीशी, उजवीकडे न संपणारी. छोटी रांग बघून मला संशय आला. आयुष्यात माझी कधीही छोटी रांग खरी निघालेली नाही. मी मोठीत उभा राहिलो. पुढे सिमेंट कालवणारी अजस्र गाडी, मागे दुमजली बस. सिमेंटची गाडी गरगर फिरत होती आणि माझ्या टपावर थोडं थोडं सिमेंट टाकत होती. माझी गाडी त्या दोघांमध्ये अशी दिसत होती जणू ती त्यांच्या घरी पाळलेली आहे. ऊन डोक्यावरून उतरून पलीकडे गेलं तेव्हा माझा नंबर लागला.

तपासनीसानं कागदावरून मान न उचलता विचारलं, "एकूण चाकं?"

"चार."

"मागच्या दोन अ‍ॅक्सलची मिळून?"

"सगळी मिळून चार."

त्यानं मान उचलली. गाडी दिसली नाही. मग उभा राहिला आणि खाली बघितलं. "आजोबा," तो म्हणाला, "हे अवजड वाहनांचं केंद्र आहे."

"अवजडच आहे," मी म्हणालो. "ढकलून बघा."

त्यानं ढकलून बघितली नाही. मागच्या बसनं हॉर्न दिला. त्या हॉर्ननं माझी टोपी उडून सिमेंटच्या गाडीत पडली. आज शहरात कुठल्यातरी पुलाच्या खांबात माझी टोपी आहे आणि त्या खांबाला कधीही तडा जाणार नाही, अशी माझी खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी कचेरीत गेलो. चौकशीच्या खिडकीत बाई होत्या.

"गाड्यांची सुरक्षा तपासणी इथेच होते ना?"

"इथे होत नाही. कुठे होते ते इथे सांगतात."

"मग सांगा."

"सांगणारे साहेब आज तपासणीला गेलेत."

"कुठे?"

"ते तेच सांगू शकतील."

मी साहेबांची वाट बघत बाकावर बसलो. समोर भिंतीवर मान्यताप्राप्त केंद्रांचा तक्ता लावला होता आणि त्याच्यापुढे बरोबर मधोमध एक कपाट उभं केलं होतं. मी कपाटाच्या फटीत गाल दाबून एका डोळ्यानं वाचायला लागलो. लहान चारचाकी वाहनांसाठी सरकारनं काही खासगी गॅरेजांना परवाना दिला होता. पत्ता वाचला. परत वाचला. मग गाल बाहेर काढून बाकावर बसलो.

ते गॅरेज आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ज्याचा पत्रा दिसतो, ते. त्याची पाटी पलीकडच्या रस्त्याकडे तोंड करून होती, म्हणून आम्हाला दिसायचा तो फक्त पत्रा.

"ते शेड?" बायको म्हणाली. "तिथून तर रोज पीं पीं ऐकू येतं. मी म्हणायचे, कोण एवढं सारखं वाजवतंय!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, कुणाला विचारायचं नाही म्हणून."

शेडमधला तपासनीस सडपातळ, चेहऱ्यावर कसलाही भाव नसलेला माणूस होता. तो बोलत नसे, गाडीभोवती फिरत असे, आणि फिरता फिरता मधेच थांबे. आधी तो गाडीच्या मधोमध थांबला.

"ही दुसरी अर्धी कुणाची?"

मी डॉक्टर आणि विमावाल्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यानं हात वर केला आणि बॉनेट उघडलं. आत मांजर झोपलं होतं. तांबूस, लठ्ठ, इंजिनवर चारी पाय पसरून. मी ओळखलं. ते साडूचं मांजर होतं. साडूच्या गाडीत त्याला झोपायला बंदी आहे, पॉलिश जातं. साडूची गाडी पास आणि साडूचं मांजर माझ्या बॉनेटमध्ये! तपासनीसानं एकदा मांजराकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मांजरानं त्याच्याकडे बघून जांभई दिली.

"नापास," तो म्हणाला.

"मांजरासाठी?"

"मांजर काढता येईल. हॉर्न बसलाय. मागचा उजवा दिवा लागत नाही. वायपर पाणी पुसत नाही, पसरवतो. मागचा एक टायर गुळगुळीत आहे. दुरुस्त करून शनिवारी संध्याकाळपर्यंत आणा."

"पण माझ्या साडूच्या गाडीकडे तर म्हणे नुसतं बघितलं आणि..."

"मी नुसतं बघत नाही," तो म्हणाला.

नापासाची बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. मांजराच्या मालकिणीनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, जिन्यातच गाठलं. "भावजी, तुम्ही आमच्या मनीला तपासणीला नेलंत म्हणे? विचारायचं तरी!" तिच्या मागे साडू उभा होता. चेहऱ्यावर सहानुभूती. ती सहानुभूती मला दाढेत अडकल्यासारखी रात्रभर टोचत राहिली.

टायर बदलला, वायपर बदलले. राहिला हॉर्न आणि दिवा. विमावाले म्हणाले, "माझ्या ओळखीचा वायरिंगवाला आहे. हात लावला की काम." त्यानं खरंच हात लावला. डॅशबोर्डखाली डोकं घालून तो सकाळभर शीळ घालत बसला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक वायर उरली होती.

"ही कसली?"

"जास्तीची होती," तो म्हणाला. "कंपनीवाले देतात एखादी जास्त."

मी गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. मी दचकून पाय आणखी दाबला, हॉर्न आणखी वाजला. गाडी थांबेपर्यंत वाजत राहिला. डावीकडे वळायला इंडिकेटर दिला तर वायपर सुरू झाले. ऊन कडकडीत. मी भर उन्हात काच पुसत, प्रत्येक खड्ड्याला बोंब ठोकत निघालो. लोक बाजूला होत होते. एका लग्नाच्या गाडीमागून मी हळू जात होतो, तर त्यांनी मला वऱ्हाडातलाच समजून पेढ्याचा पुडा खिडकीतून आत दिला. आमच्या फाटकाशी आलो तेव्हा साडू गाडी पुसत होता. मी ब्रेक दाबला.

"अरे दादा, हॉर्न झाला की दुरुस्त!" तो आनंदानं ओरडला.

मी मान डोलावली आणि वायपर मुद्दामच लावलेत असं दाखवून पुढे गेलो.

शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये शेवटची गाडी माझी होती. सडपातळ तपासनीस समोर उभा राहिला.

"ब्रेक दाबा."

हॉर्न वाजला.

"मी ब्रेक म्हणालो."

"ब्रेकच दाबलाय."

त्यानं कागदावर काहीतरी खरडलं. "हॉर्न दाबा."

मागचा दिवा लागला. अगदी लख्ख.

"डावा इंडिकेटर."

वायपर सळसळले.

"वायपर."

काहीच झालं नाही. आम्ही दोघंही वाट बघत होतो. मग मागे खट्ट आवाज झाला आणि डिकी सावकाश उघडली. आत मांजर होतं.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "सगळं चालतंय," तो म्हणाला. "फक्त कोण कुठे राहायला गेलंय ते शोधायला पाहिजे."

मी त्याला सासूबाईंबद्दल सांगितलं. रविवार, स्टेशन, स्टिकर, हनुवटीवरचा हात, सगळं. मी कधी इतकं खरं बोललो नव्हतो, त्यामुळे आवाज कापत होता. त्यानं घड्याळाकडे बघितलं, शेडचं दार ओढून घेतलं आणि आपल्या मिस्त्रीला हाक मारली. "आज दुरुस्ती आपल्याकडे नाही," मिस्त्री कुरकुरला. "आपण तपासतो." "तपासता तपासता चुकून होऊन जाऊ दे," तपासनीस म्हणाला. ती उरलेली वायर माझ्या खिशातच होती. ती जागेवर गेली आणि ब्रेक ब्रेकच्या घरी, हॉर्न हॉर्नच्या घरी परतला. स्टिकर त्यानं स्वतः चिकटवला. हिरवा, गोल. मी घरी आलो ते काचेतून रस्त्याकडे न बघता स्टिकरकडे बघत आलो. रस्ता जवळचा होता म्हणून निभावलं.

रविवारी सकाळी स्टेशनच्या आवारात आमच्या दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. साडूनं नवा शर्ट घातला होता. मीही घातला होता. त्याच्या शर्टाला इस्त्री जास्त कडक होती एवढंच. सासूबाई उतरल्या. हातात पिशवी, गळ्यात दोरीला चष्मा. आम्ही वाकून नमस्कार केला. त्यांनी तब्येतीची चौकशी केली नाही. चष्मा चढवला आणि आधी धाकट्या जावयाच्या गाडीसमोर उभ्या राहिल्या. साडूनं माझ्याकडे एक नजर टाकली. अशी नजर टाकायला बंदी हवी.

सासूबाई आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका वाचत आलेल्या. त्या कुठलीही गोष्ट लांबून बघून सोडत नाहीत. त्यांनी काचेशी नाक नेलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'वजन तपासले. माल मर्यादेत आहे.'"

त्यांनी मान वळवून साडूकडे बघितलं.

"कुठला माल, जावईबापू?"

साडूनं काचेत डोकं खुपसलं. "असं कसं? मी... नदीपलीकडे... त्या मैदानात मोठी रांग होती. डावीकडे छोटी रांग होती, मी म्हटलं..."

"फलाटावर चढवलीत?" मी विचारलं.

"हो."

"खाली उतरवलं?"

"हो."

"साडूभाऊ, तो वजनकाटा आहे. ट्रकांचा. ट्रक जास्त भरलेला नसला की पुढच्या नाक्यावर अडवू नये म्हणून स्टिकर देतात."

आता तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या पायांना जमीन लागत नव्हती. पहिल्या फटक्यात पास! कोण नापास होणार? जगात जे जे आहे त्याला वजन आहे. आठवडाभर मी त्या ठिपक्यासाठी गिळलेला एकेक घास गोड होऊन परत आला. आणि आम्ही एवढी माणसं, डॉक्टर, विमावाले, दोघी बहिणी, कुणीही त्या काचेजवळ जाऊन दोन शब्द वाचले नव्हते. मी नाही वाचले कारण मला जळायला लांबूनच पुरत होतं.

सासूबाईंनी माझा स्टिकर वाचला, मान हलवली आणि पुढच्या सीटवर बसल्या. खऱ्या स्टिकरशिवाय साडूची गाडी त्यांनी चालवू दिली नाही, ती तिथेच राहिली. साडू मागच्या सीटवर, सामानात, पिशव्यांच्या मधे. मला आयुष्यात एवढंच हवं होतं. गाडी सुरू केली आणि घसा खाकरला.

"सासूबाई, यंदा काय झालं सांगतो. मी ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा..."

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही पुरात गाडी पोहवलीत तेव्हा मी गप्प बसले. पण ब्रेक दाबल्यावर हॉर्न? काहीतरी पटेल असं सांगत जा."

"अहो खरंच! आणि डिकीतून मांजर..."

"पुरे."

मी इरेला पेटलो आणि कचकन ब्रेक दाबला. ब्रेक फक्त लागला. अगदी नमुनेदार लागला. सासूबाईंची पिशवी पुढे आली आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बाकावर उभं राहावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून सामानातून एक पडेल आवाज आला. "मी त्या काचेतल्या माणसाला म्हणालो, साहेब, सगळं नीट आहे ना? तो म्हणाला, रिकामीच दिसते. मी म्हटलं, हो, मी एकटाच आलोय. तो म्हणाला, मग आलात कशाला? मला वाटलं, माझ्या गाडीला एवढा मान, की मी यायचीसुद्धा गरज नव्हती."

सासूबाई वळल्या. हात हनुवटीवर गेला. "मग पुढे काय झालं?"

बघा. माझी गाडी, माझा स्टिकर, माझं पेट्रोल, माझी पुढची सीट. आणि तो मागे बसून माझी श्रोती घेऊन चालला होता! त्यानं सांगितलं, माघारी येताना तो प्रत्येक पोलिसासमोर गाडी हळू करून काच दाखवत होता. सांगितलं की एका पोलिसानं वाचलं आणि त्याला सॅल्यूट ठोकला. सासूबाई डोळे पुसत हसत होत्या. हे सगळं त्याच्या बाबतीत खरोखर घडलं होतं, हे तर आणखी लागलं. मला प्रत्येक गोष्टीला इतकी मेहनत घ्यावी लागते आणि याला नुसतं मूर्खासारखं वागून आयती मिळते. उतरताना सासूबाई नियमाप्रमाणे माझ्याच घरी आल्या, पण जिन्यात त्याला म्हणाल्या, "संध्याकाळी वर या. सॅल्यूटचं परत ऐकायचंय."

तो आला. पुढच्या चारही संध्याकाळी आला.

मधल्या काळात त्याची गाडी टेम्पोला दोर बांधून घरी आली. सगळी इमारत बघायला उतरली होती, पण मला त्यातही आनंद झाला नाही, कारण त्यातूनही त्याला एक गोष्ट मिळाली. पाचव्या दिवशी मी गाडीची किल्ली घेऊन गुपचूप निघालो. दारात सासूबाई.

"कुठे?"

"असंच. जरा चक्कर."

"वजनकाट्यावर?"

चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेल्या बाईसमोर काय बोलणार?

"थांबा," त्या म्हणाल्या. "चपला घालते."

नदीपलीकडे आम्ही छोट्या रांगेत लागलो. लोखंडी फलाटावर गाडी चढवली. काचेच्या खोलीतला माणूस म्हणाला, "खाली उतरा." मी उतरलो. सासूबाई बसूनच राहिल्या.

"आजी, तुम्हीपण."

"मी माल आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. "तुम्ही तुमचं काम करा."

माझी गाडी साडूच्या गाडीपेक्षा जास्त भरली. किती ते सांगत नाही, पण भरली. परतीच्या रस्त्यात मी ब्रेक, हॉर्न, मांजर, सिमेंटच्या गाडीतली टोपी, सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी सासूबाईंनी एकदाही पुरे म्हटलं नाही. बहुतेक त्यांनाही आता कशावरही विश्वास ठेवायला हरकत वाटत नव्हती.

आल्यावर मी गाडी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीकडे तोंड करून लावली. काचेवर आता दोन हिरवे ठिपके होते. साडू बाल्कनीत चहा पीत होता. बराच वेळ तो बघत राहिला. मग कप कठड्यावर ठेवून वाकला.

"दादा, एक विचारू का? रागावू नका. ते खरं पासिंग नेमकं कुठे करतात?"

मागच्या गल्लीतल्या शेडमधून पीं पीं ऐकू येत होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही गेला होतात तेच मैदान, साडूभाऊ," मी म्हणालो. "जागा बरोबर होती, फक्त रांग चुकली. या वेळी मोठी धरा. सिमेंटची गाडी दिसली की तिच्या मागेच उभे राहा. आणि हो, टोपी घालून जा."

सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि हनुवटीला हात लावला.